कोणाच्या घरचे जंतू

बाटली काळी झाली आणि शेलूबाजारच्या मागच्या आळीत अमरसिंग ठाकुरांना आपलं नाक कापलं गेल्यासारखं वाटलं. बाटली ती केवढी, खोकल्याच्या औषधाची असते तेवढी. सुकेशनीनं आदल्या दिवशी तिच्यात ठाकुरांच्या विहिरीचं पाणी भरून बूच लावलं होतं. ही सुकेशनी गावातलीच, ग्रामपंचायतीनं तिला पाणी तपासायचं शिकवून कामाला लावलेलं. बाटलीत आधीच एक औषध असतं. पाण्यात पोटातले, म्हणजे संडासातले, जंतू असले की दुसऱ्या दिवशी पाणी काळं पडतं, नसले की पिवळटच राहतं. ठाकुरांचं पाणी उजाडायच्या आतच डांबरासारखं काळं होऊन बसलं. वर सुकेशनीनं त्यांच्याच घरी चहा घेतला आणि त्यांच्याच विहिरीच्या कठड्यावर लाल पट्टा मारून ती निघून गेली. चहा त्यांच्या बायकोनं, गोमतीबाईंनी, आलं घालून केला होता, याचं ठाकुरांना जास्त लागलं.

ठाकूर कारंजाच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कोणती गाडी कुठून सुटली, कुठं चालली, कोणत्या फलाटावर लागणार, हे त्यांनी आयुष्यभर भोंग्यावरून जगाला सांगितलं. नोकरी संपली की भोंगा संपतो, आणि भोंगा संपला की साहेब म्हणणारेही हळूहळू पांगतात. ठाकुरांचं साहेबपण टिकलं होतं ते या विहिरीमुळे. आळीतल्या सगळ्या बोअरचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही. ठाकुरांच्या विहिरीचं पाणी गोड. सकाळी बाया पाण्याचे पितळी गुंड कमरेवर घेऊन यायच्या, येताना पदर सावरायच्या, आणि ठाकूर ओट्यावर पेपर घेऊन बसलेले असायचे. कोणी पाण्याचं कौतुक केलं की ते पेपरातून मान वर न काढता हुं म्हणायचे. त्या हुंमध्ये पेन्शनपेक्षा जास्त सुख होतं.

लाल पट्टा आल्यावर आळीनं पाणी नेणं बंद केलं असतं तर ठाकुरांना बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. पण आळीनं काहीच बंद केलं नाही. बाया तशाच यायच्या, पाणी तसंच न्यायच्या, फक्त जाताना विहिरीकडे आणि मग ठाकुरांकडे पाहायच्या. घरात कोणी आजारी असलं की आपण पाहतो ना, तसं. दरवर्षी पावसाळ्यात आळीला जुलाब व्हायचे, ते आजवर आळीनं भज्यांच्या खात्यावर टाकले होते. आता कोणी तोंडानं काही म्हणत नव्हतं, पण भज्यांवरचा आळ उठलाय हे ठाकुरांना दिसत होतं.

सल्ले देणाऱ्यांची काही कमी नव्हती. कोणी चुना टाका म्हणालं, कोणी विहिरीत मासे सोडा म्हणालं. शेजारचे मारोतराव म्हणाले की सुकेशनीनं बाटली चुलीजवळ ठेवली असंल, धुरानं काळी झाली असंल, तुमी कायले मनावर घेता. मारोतराव शेतकरी माणूस, कोणाला दुखवायचं नाही हा त्यांचा धंद्याबाहेरचा धंदा. आळीतच वरच्या अंगाला राहणारे, सायन्स शिकवणारे धम्मरत्न सर मात्र सरळ म्हणाले की ही बाटली म्हणजे नुसता इशारा आहे, खरं काय ते वाशिमच्या प्रयोगशाळेत कळेल. प्रयोगशाळा हा शब्द ठाकुरांना आवडला. त्यात शिक्का असतो. शिक्क्याचा कागद सुकेशनीच्या तोंडावर मारू, या एकाच विचारानं ते दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीला बसले.

वाशिमला त्यांना एक बंद बाटली मिळाली आणि सूचना मिळाल्या. बाटली निर्जंतुक आहे, आतून हात लावू नका, धुऊ नका, भरा, बंद करा, बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा. ठाकुरांनी मान डोलावली. सूचना देण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला सूचना ऐकायची सवय नसते, हे त्या बिचाऱ्या लोकांना काय ठाऊक.

घरी येऊन त्यांनी काय केलं, तर जे कोणताही भल्या घरचा माणूस करील तेच केलं. पाहुण्याला पाणी द्यायचं तर गडवा विसळल्याशिवाय आपण भरत नाही. इथं तर पाणी सरकारला द्यायचं होतं. त्यांनी बाटली उघडली, विहिरीच्या पाण्यानं खळखळून विसळली, आत बोट घालून फिरवलं, तोंड खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसलं, आणि मग भरली. गोमतीबाईंनी वरून तुळशीचं एक पान सोडलं. पाणी घराबाहेर जायचं तर त्यांच्या माहेरी तशीच रीत होती.

ते पान वाशिमच्या माणसानं उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मग त्यानं विचारलं की बाटली धुतली का. ठाकूर अभिमानानं म्हणाले की चांगली विसळून घेतली. त्यानं हात जोडले, दुसरी बाटली दिली आणि परत सगळं सांगितलं. या वेळी ठाकुरांनी बाटली विसळली नाही, पण आपण घाणेरड्या भांड्यात पाणी भरतोय या जाणिवेनं त्यांना दिवसभर जेवण गेलं नाही. बर्फ कुल्फीवाल्याकडून घेतला, डब्यात बाटली ठेवली आणि एसटी चुकली म्हणून काळी-पिवळी जीप धरली. काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या तो मांडीवर डबा घेऊन ड्रायव्हरच्या विनवण्या करत बसला, बर्फाचं पाणी झालं, पाणी विजारीत मुरलं, आणि वाशिमला पोचेस्तोवर बाटली हाताला शेकू लागली होती. तोही नमुना गेला. एका बाईनं तर गाडीतून उतरताना त्यांच्या विजारीकडे पाहून आपल्या नातवाला दुसऱ्या बाजूला घेतलं. ठाकुरांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही.

शेवटी एकदाचा नमुना पोचला आणि कागद आला. शिक्का होता. शिक्क्याच्या वर लिहिलं होतं की पाणी पिण्यास अयोग्य आहे, आणि त्यात ई. कोलाय नावाचे जंतू सापडले आहेत. धम्मरत्न सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं की हे जंतू माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यात राहतात. विहिरीत आले म्हणजे कुठल्यातरी संडासाचं पाणी झिरपून विहिरीला मिळतंय.

कोणाही शहाण्या माणसानं यावर विचारलं असतं की आता काय करायचं. ठाकुरांनी विचारलं, "कोणाच्या?"

हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर त्यांना झोप लागेना. कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं. आळीत चढाला घर मारोतरावांचं, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं, राजूनं, पुण्याहून पैसे पाठवून नवा संडास बांधलेला. तोही खुर्चीसारखा बसायचा, कारण मारोतरावांच्या बायकोचे, सोजरबाईंचे, गुडघे गेलेले. आधी त्या माउलीला उठता-बसता रडू यायचं. ठाकुरांना हे सगळं माहीत होतं, संडासाच्या वास्तूला नारळही त्यांनीच फोडला होता. पण पाणी उताराला वाहतं, यात त्यांचा काय दोष. फक्त पुरावा हवा होता. म्हणून ते अकोल्याच्या एका खासगी लॅबमध्ये गेले आणि म्हणाले की जंतू नीट ओळखून द्या.

तिथल्या ज्योत्स्ना मॅडम कामाला हुशार आणि स्वभावानं बोलक्या होत्या. गिऱ्हाईक बाटलीभर पाणी घेऊन आलंय आणि मनापासून ऐकतंय, असं त्यांच्या नशिबी रोज येत नसावं. त्यांनी सगळं दाखवलं. काचेवर जंतू पसरायचे, जांभळा रंग घालायचा, मग तो धुवायचा. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात आणि मग त्यांना दुसरा गुलाबी रंग चढतो. हे तुमचे गुलाबी. मग त्यांना साखर खायला घालून गॅस धरतात का ते पाहायचं. मग एका नळीत औषधाचे दोन थेंब टाकायचे, वर लाल कडं उमटलं की ओळख पक्की. ठाकूर हे सगळं रंग बदलणं डोळे विस्फारून पाहत होते. तीस वर्षं गाड्यांच्या पाट्या वाचल्या, पण पाटी नसलेल्याला रंग लावून ओळखता येतं हे त्यांना नवीन होतं.

"हे सगळं ठीक हाये मॅडम," ते म्हणाले. "पण हे कोणाच्या घरचे हायेत?"

"काका, जंतूची जात सांगता येते. घर नाही सांगता येत."

ठाकुरांना हे पटलं नाही. आपल्याकडे एकदा जात कळली की घर शोधायला कितीसा वेळ लागतो. पण परतीच्या गाडीत, मेडशीच्या घाटात, त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जंतूला रंग लावून जंतू सापडतो, तर संडासाला रंग लावून संडास का सापडू नये.

संध्याकाळी त्यांनी आळीला विहिरीवर बोलावलं. भोंगा नव्हता, पण आवाज तोच होता. चढाच्या प्रत्येक घरानं आपल्या संडासात एकेक रंग ओतायचा. ज्या घराचा रंग विहिरीत उतरेल त्या घरानं आपला संडास स्वतःच्या हातानं फोडायचा आणि चार माणसांत हात जोडून माफी मागायची. हे म्हणताना त्यांनी मारोतरावांकडे पाहिलं नाही, आणि न पाहिल्यामुळे बाकी सगळ्यांनी पाहिलं. सोजरबाई ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले.

मारोतरावांनी सोजरबाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "जमते. पण तुमच्याबी घरचा रंग टाका, ठाकूरसाहेब."

ठाकूर मोठ्यानं हसले. त्यांची संडासाची टाकी जुनी होती, घरामागं होती, वडिलांच्या हाताची होती आणि मुख्य म्हणजे घरची होती. ती विहिरीपासून सगळ्यांत जवळ होती, ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांना रोज दिसायची, पण लक्षात कधी आली नव्हती. ते म्हणाले, टाकू की. कारंजाहून रंगाच्या पुड्या आणल्या. मारोतरावांना हिरवा दिला, धम्मरत्न सरांना लाल. स्वतःला जांभळा घेतला. जांभळा रंग धरून ठेवणारे ते पक्के, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात अकोल्याहून राहिलं होतं.

नंतरचे दिवस आळीनं असे काढले की निवडणुकीच्या निकालाला काढत नाही. सकाळी पहिली बकेट वर यायची तेव्हा आठ-दहा माणसं डोकावलेली असायची. मारोतराव येत नसत. त्यांचं जेवण तुटलं, असं गोमतीबाईंनी दोनदा सांगितलं. सोजरबाईंनी गोमतीबाईंशी बोलणं सोडलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. एकदा तर मारोतरावांच्या मागच्या अंगणात ठाकुरांना सोजरबाई दिसल्या. त्या खाली बसून उठायचा सराव करत होत्या, खांबाला धरून, ओठ दाबून. ठाकूर मागं फिरले. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण शास्त्रापुढं काय करता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मग एका पहाटे गोमतीबाईंनी बकेट ओढली आणि त्यांना हाक मारली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. ठाकूर चूळ भरता भरता जवळ गेले. बकेटीत जांभळं पाणी होतं.

गोमतीबाई हळूच म्हणाल्या, "आपला हाये."

ठाकुरांनी आधी आळीकडे पाहिलं, कोणी उठलं नव्हतं. आयुष्यात त्यांनी एकही गाडी चुकीच्या फलाटावर लावली नव्हती. आता चार माणसांत हात जोडायचे, तेही मारोतरावांपुढं. सुकेशनीनं लाल पट्ट्याच्या दिवशी ब्लिचिंग पावडरची पिशवी दिली होती, ती त्यांनी अपमान समजून कोनाड्यात टाकली होती. तीच त्यांनी आता आख्खी विहिरीत उपडी केली. गोमतीबाई काहून करता, काहून करता म्हणत होत्या. थोडं थोडं करत जांभळा फिका पडला, आणि आळी जागी झाली तेव्हा पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. फक्त वास येत होता, पण सरकारी वासाला आपल्याकडे कोणी विचारत नाही.

त्याच दिवशी सुकेशनी फेरतपासणीला आली. तिनं बाटली भरून नेली. दुसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन धावत आली. बाटली पिवळीच्या पिवळी. ना हिरवा उतरला ना लाल, आणि जंतूही गायब. तिनं लाल पट्टा खरवडून हिरवा मारला. आळी जमली. सोजरबाई वाटीभर शिरा घेऊन आल्या आणि गोमतीबाईंच्या गळ्यात पडून रडल्या. गोमतीबाईही रडल्या, पण त्यांचं रडणं वेगळं होतं आणि ते एका माणसाला कळत होतं.

धम्मरत्न सर म्हणाले की पहिला गडवा मालकानं प्यायचा. ठाकुरांच्या हातात गडवा दिला. पलीकडे मारोतराव सोजरबाईंसाठी ग्लास भरत होते, गुडघ्याच्या गोळीसाठी. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा दिसत होता. सोजरबाईंनी गोळी जिभेवर ठेवली आणि ग्लास तोंडाजवळ नेला. ठाकुरांनी आयुष्यात कोणाला चुकीच्या गाडीत बसू दिलं नव्हतं. त्यांच्या तोंडून स्टँडवरचा आवाज निघाला.

"थांबा. पिऊ नका. रंग आमचाच निघाला होता, जांभळा. म्या पावडर टाकून लपवला. मारोतरावाचा काही दोष नाई."

सोजरबाईंनी ग्लास खाली ठेवला. मग धम्मरत्न सरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले की पाहा, याला म्हणतात मन. शेजाऱ्यावर संशयाचा डाग राहू नये म्हणून दोष स्वतःवर घेतला. झालं. आळीला तेच पटलं. ठाकूर सांगू लागले की तसं नाही, खरंच आमचा होता, तर लोक अजूनच गहिवरले. त्यांनी गोमतीबाईंना साक्षीला काढलं. गोमतीबाई म्हणाल्या की हो, मी या डोळ्यांनी पाहिला. त्यावर बाया म्हणाल्या की नवऱ्याच्या मोठेपणात अशी साथ देणारी बाई लाखात एक. खोटं बोलून जी इज्जत ठाकुरांना चाळीस वर्षांत मिळाली नसती ती खरं बोलून एका मिनिटात मिळत होती, आणि ती घशाखाली उतरत नव्हती. माफीसाठी ते हात जोडू लागले की कोणीतरी धावून त्यांचे हात धरायचं. आणि तेवढ्यात दोन-तीन गुंड भरलेही गेले.

तेव्हा ठाकूर घरात गेले, लोखंडी सब्बल घेऊन आले आणि मागं जाऊन आपला संडास फोडायला लागले. पहिल्या दोन घावांना लोक टाळ्या वाजवत होते. टाकीची फरशी निघाली, भिंतीच्या विहिरीकडच्या अंगाला हात जाईल एवढी भेग दिसली, भेगेभोवतीची माती जांभळी दिसली, तेव्हा टाळ्या थांबल्या. गुंड रिकामे झाले. लोक एकेक करत घरी गेले. माफी मागायला ठाकुरांनी मागं पाहिलं तर समोर कोणी उरलं नव्हतं, एकटी सुकेशनी होती. ती लाल रंगाचा डबा शोधत होती आणि फुकट गेलेल्या हिरव्या रंगाबद्दल पुटपुटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकूर मारोतरावांच्या दारात उभे होते. हातात बकेट होती. पोटात कळ होती, आणि ती फक्त पोटातच नव्हती. रात्रभर त्यांनी वाक्य जुळवलं होतं. दार मारोतरावांनीच उघडलं. ठाकुरांनी बकेट खाली ठेवली, हात जोडले, आणि एवढ्या वर्षांच्या घोषणांचा तो आवाज कुठं गेला कोण जाणे, नीट फुटेचना.

"मारोतराव, म्या तुमच्यावर नाई तो आळ घेतला. वयनीलेबी तरास देला. चुकलं माह्यं. मले..."

मारोतरावांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बकेटीकडे पाहिलं, आणि दारातून बाजूला झाले.

"माफीचं मंग पाहू, ठाकूरसाहेब," ते म्हणाले. "पयले जाऊन या."